सासूबाईंचे अनारसे आणि माझी कबुली

मी जे केलं त्याची कबुली मी इतक्या ठिकाणी दिली आहे की आता ती तोंडपाठ झाली आहे. पोलिसांपुढे दिली, न्यायाधीशांपुढे दुभाष्याच्या तोंडून दिली, बायकोपुढे दिली, आणि मग आठवड्यातून दोनदा परक्या पुरुषांच्या घोळक्यात, गोल मांडलेल्या खुर्च्यांमध्ये बसून दिली. मला खोकल्याच्या औषधाचं व्यसन होतं. ज्यात अफूच्या जातीचा अंश असतो, ते सिरप. पाठीच्या दुखण्यावर गोळ्या सुरू झाल्या, गोळ्या मिळेनात तेव्हा खोकला नसताना सिरप सुरू झालं, आणि कित्येक वर्षं मी ते ऑफिसच्या बॅगेत, गाडीच्या स्टेपनीखाली, मुलीच्या जुन्या दप्तरात लपवून प्यालो. बायकोशी खोटं बोललो, डॉक्टरांशी खोटं बोललो. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी ठेवलेली बाटली मी अर्धी केली आणि नर्सवर आळ घेतला. हे सगळं माझं आहे. यातलं काही मी कमी करून सांगणार नाही.

पण एक गोष्ट मी केली नव्हती. ती केली असं मान्य कर, असं मला सगळ्यांनी सांगितलं; कोणी प्रेमाने, कोणी काळजीने, कोणी दम देऊन. मी ऐकलं नाही. त्याबद्दल मला लिहायचं आहे.

दुबईच्या विमानतळावर माझी बॅग पट्ट्यावरून बाजूला काढली गेली तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. सिरपच्या बाटल्या मी पायजम्यांत गुंडाळल्या होत्या. अधिकारी तरुण होता, शांत होता. त्याने एकेक पायजमा उलगडला, बाटली बाहेर काढली आणि पायजम्याची पुन्हा नीट घडी घालून टेबलावर ठेवली. मला बाटल्यांपेक्षा त्या घड्यांची जास्त लाज वाटली. पहिलाच गुन्हा होता, माल विकायला आणलेला नव्हता, म्हणून न्यायालयाने तुरुंगाऐवजी उपचारांचा आदेश दिला. आधी काही आठवडे केंद्रात राहायचं. मग घरी राहून देखरेखीखाली आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्गाला यायचं, आणि ज्या दिवशी फोन येईल त्या दिवशी जाऊन लघवीचा नमुना द्यायचा. नमुना देताना एक माणूस शेजारी उभा राहून बघतो. पहिल्यांदा बराच वेळ मला काही होईचना. शेवटी तो माणूस म्हणाला, "हबीबी, यल्ला, जल्दी कर. मेरा भी घर है."

कंपनीने काढून टाकलं. आम्ही दुबईतलं, अल मनखूलमधलं घर सोडून शारजाला आलो, कारण तिथे भाडं झेपत होतं. बायको शाळेत शिकवते. तिच्या नोकरीवर घर चालू लागलं आणि माझा व्हिसाही तिच्याच नावावर आला. मुलगी कॉलेजला होती. तिला मी काही विचारलं की "आय ॲम फाइन, बाबा" एवढंच उत्तर यायचं. शारजाहून दुबईला वर्गाला जायचं म्हणजे बसमधून गाड्यांचे लाल दिवे बघत बसायचं. त्या वेळात मी मनातल्या मनात स्वतःवर खटला चालवायचो. न्यायाधीश मीच, आरोपी मीच, आणि निकाल रोज तोच.

वर्ग घेणाऱ्या मॅडम मूळच्या जॉर्डनच्या. त्या इंग्रजीत बोलायच्या आणि शेजारी बसलेला पेशावरचा दुभाष्या ते हिंदी-उर्दूत सांगायचा. मॅडमचा एक नियम होता. स्वतःच्या व्यसनाबद्दल बोलताना ‘पण’ म्हणायचं नाही. ‘मी प्यालो, पण साहेब छळायचा’ असं वाक्य कोणाच्या तोंडून आलं की बाकीच्यांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी टकटक करायची. बट, लेकिन, मगर, पण, कुठल्याही भाषेतलं असो. टकटक सुरू झाली की बोलणाऱ्याने थांबायचं आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून, ‘पण’च्या आधीच संपवायचं. सुरुवातीला माझ्यावर इतकी टकटक झाली की माझ्या वाट्याला आलेली संध्याकाळ त्यातच जायची. पाठ दुखायची, पण. मी सोडणार होतो, पण. आई जाणारच होती, पण. हळूहळू माझी वाक्यं आखूड झाली. मी नर्सवर आळ घेतला. पूर्णविराम. त्या नियमाचं माझ्यावर ऋण आहे, हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी असं म्हणायला नको की याला वर्गाचीच चीड होती.

गटात मराठी बोलणारा माझ्याखेरीज एकच होता, रत्नागिरीकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला पुणेकर म्हणायचा. अबू धाबीकडच्या मुसफ्फात त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. खांदा निखळला, दुखण्याच्या गोळ्यांची सवय लागली, आणि एके दिवशी धाकट्या भावाने वर्कशॉपची किल्ली त्याच्या हातातून काढून घेतली. मधल्या सुट्टीत कडक चहाचा कागदी कप हातात धरून तो विचारायचा, "काय पुणेकर, आज टकटक किती झाली?"

"आज कमी झाली, भाई."

"म्हणजे सुधारलास. नाहीतर मग कंटाळले सगळे."

वर्गाची मुदत संपत आली आणि दिवाळीला सासूबाई आल्या.

सासूबाईंनी मला कधी फारसं मानलं नव्हतं. ‘हुशार आहे, सरळ नाही’, असं त्यांनी लग्नाआधीच मुलीला सांगितलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. झालेल्या प्रकारातलं आम्ही त्यांना काहीच कळवलं नव्हतं. मी संध्याकाळी कम्प्युटरच्या कोर्सला जातो असं ठरवून ठेवलं होतं. दोन दिवस ते टिकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातून फोन आला तेव्हा मी त्यांच्यासमोरच चहा पीत होतो. मी फोनवर "येस, सॅम्पल, यूरिन, ओके" म्हणालो आणि उठलो.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "कम्प्युटरवाल्यांना तुमची लघवी कशाला हवी?"

बायकोने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी परत आलो तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्टीलचा डबा पुढे केला. "घ्या," म्हणाल्या. "खाऊन नीट तरी व्हा." आमच्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी इतक्या मऊपणे बोलल्याचं मला आठवत नव्हतं. डब्यात अनारसे होते. तांदूळ भिजवण्यापासून तळण्यापर्यंत सगळं त्यांनी स्वतः केलेलं, जाळी पडलेले, कडेला किंचित लालसर. त्या दिवाळीत मी ते चहाबरोबर खाल्ले, जेवल्यावर खाल्ले, येताजाता खाल्ले. कोणीतरी आपल्याला काहीतरी देतंय आणि त्या बदल्यात कबुली मागत नाही, याचीच मला भूक होती.

दिवाळीच्या शेवटी पुन्हा फोन आला. मी नमुना दिला. पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला वर्गाआधी त्यांच्या खोलीत बोलावलं.

"तुमच्या नमुन्यात अंश सापडला आहे," त्या म्हणाल्या. "जास्त नाही. एखादा घोट घेतला असेल, तेवढा."

मी म्हणालो, "मी काही घेतलेलं नाही."

"केंद्रात पहिल्या आठवड्यातही तुम्ही हेच म्हणाला होतात. आठवतं?"

आठवत होतं. तेव्हा मी खोटं बोललो होतो, आणि चेहरा असाच करून बोललो होतो.

मी नमुना पुन्हा तपासायला सांगितलं. तो माझा हक्क होता. वर्ग संपेपर्यंत त्यांनी तो पुन्हा तपासून घेतला. पुन्हा तेच आलं. यंत्र खोटं बोलत नव्हतं. जे सापडलं ते माझ्या शरीरात खरोखरच होतं.

मॅडम चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मला माझ्यापुढचे दोन रस्ते सांगितले. मी गुरुवारी गटापुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं की घसरलो, घेतलं, तर त्या अहवालात लिहितील की माणूस प्रामाणिक आहे. थोडे वर्ग वाढतील, खलास. मी नाकारलं तर अहवालात नकार लिहावा लागेल. मग प्रकरण पुन्हा न्यायाधीशांपुढे, आणि तिथून तुरुंगात किंवा कायमचं देशाबाहेर, ते त्यांच्या हातात नाही.

"घसरण हा सुधारण्याचाच भाग असतो," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला दोष देत नाहीये. फक्त म्हणा."

घरी परतताना बसमध्ये मला माझीच शंका येऊ लागली. ज्याने हे व्यसन केलेलं नाही त्याला हे समजणार नाही. जो माणूस वर्षानुवर्षं स्वतःला फसवत आला, तो स्वतःच्या आठवणीवर विश्वास कुठून ठेवणार? मी घेतलं असेन आणि विसरलो असेन. शारजाला उतरेपर्यंत माझी जवळजवळ खात्री झाली. घरात शिरलो, चप्पलही न काढता आतल्या खोलीत गेलो आणि कपाटावरून मुलीचं जुनं दप्तर खाली ओढलं.

मी दप्तराच्या तळाशी हात घालून बसलेला असतानाच बायको दारात आली.

"काय शोधताय?"

दप्तर रिकामं होतं. ते तिला दाखवून उपयोग नव्हता. रिकाम्या दप्तरात हात घातलेला व्यसनी नवरा तिला दिसला, त्यात तिने जे समजायचं ते समजून घेतलं. मी तिला नमुन्याचं सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. तिने मला विचारलंही नाही की घेतलं का.

स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या. काय झालंय हे त्यांना कळलं नव्हतं, काहीतरी वाईट झालंय एवढंच दिसलं असावं. त्यांच्या हातात बशी होती आणि बशीत डब्यातला शेवटचा अनारसा. "हा एक तळाशी राहिला होता," त्या म्हणाल्या. "खा आणि मग काय ते बोला."

मी बशी हातात घेतली. अनारशाच्या एका बाजूला बारीक, पांढुरके, दाटीने चिकटलेले दाणे होते. वर्गातल्या तिसऱ्या की चौथ्या पाठात मॅडमनी सांगितलं होतं की तपासणीच्या काळात काय काय टाळायचं, आणि दुभाष्याने त्यात खसखस असं स्पष्ट म्हटलं होतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. अफूच्या बोंडातली बी. या देशात तिला बंदीच आहे, दुकानात मिळतच नाही, मग टाळायची कशी? इथल्या आपल्या बायका अनारशाला तीळ लावतात, नाहीतर रवा. इतकी वर्षं तेच खाऊन खऱ्या अनारशाला काय असतं हेच मी विसरलो होतो. सासूबाईंच्या अनारशाची चव माझ्या लहानपणच्या अनारशांसारखीच होती, म्हणून जिभेने काही विचारलंच नाही.

"आई," मी म्हणालो, "ही खसखस आहे?"

"मग अनारशाला काय वाळू लावू? तुमच्याकडे ढीग पडलीय तेवढी!"

मी बायकोकडे वळलो आणि सांगू लागलो. खसखस, अफू, नमुना, पाठ. ती ऐकता ऐकताच उभी राहिली.

"आता माझ्या आईवर?" ती म्हणाली. "आधी पाठीवर ढकललंत. मग साहेबावर. मग त्या बिचाऱ्या नर्सवर. सगळे संपले म्हणून आता माझी आई?"

 यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी बशी तिच्यापुढे धरली. ती शिक्षिका आहे. कितीही चिडली तरी समोर ठेवलेली वस्तू बघितल्याशिवाय राहत नाही. बशी घेऊन ती खिडकीपाशी गेली. नखाने थोडे दाणे खरवडून तळहातावर घेतले. बराच वेळ तिची पाठ आमच्याकडे होती.

"किती खाल्लेत?" तिने विचारलं.

"जवळजवळ सगळे."

ती परत येऊन माझ्या शेजारी बसली. ‘चुकले मी’ असं ती म्हणाली नाही आणि मला ते नकोही होतं.

सासूबाईंना सगळं नीट समजावून सांगायला वेळ लागला. समजल्यावर त्या खोलीत गेल्या आणि बाहेर जायची साडी घेऊन आल्या. "चला. मी सांगते तुमच्या त्या मॅडमना. म्हणावं, मी आणलं, मी तळलं. मला इंग्रजी येत नाही, पण खसखस काय आहे ते हातावर ठेवून दाखवीन."

मी म्हणालो, "आई, जी वस्तू आणायला बंदी आहे ती तुम्ही या देशात आणली. ज्या पट्ट्यावर माझी बॅग अडवली, त्याच पट्ट्यावरून तुमचा डबा आला. तुम्ही सांगितलंत की मग ते तुमच्याबद्दल झालं. तुमच्या मुलीच्या घरात सापडलं, म्हणजे तिच्याबद्दलही झालं."

"मला काय करणार? या वयात?"

काय करतील, ते मला माहीत नव्हतं. कदाचित समज देऊन सोडलंही असतं. कदाचित एक अधिकारी हसला असता. पण तो लांब पांढरा कॉरिडॉर मी पाहिला होता. तिथल्या बाकावर बसून आतून कोणी नाव घेईल म्हणून कान टवकारून थांबणं मी केलं होतं. त्या बाकावर या बाईला बसवून मी मोकळा होणार नव्हतो. आयुष्यभर मी माझं दुसऱ्यावर ढकललं. या वेळी तर ते खरोखरच दुसऱ्याकडून आलं होतं, आणि तरीही मला ते ढकलायचं नव्हतं.

"मग म्हणून टाका ना," बायको हळूच म्हणाली. "घेतलं म्हणून. थोडे वर्ग वाढतील, एवढंच. तुमचं काय जातं?"

"मी घेतलेलं नाही."

"मला कळलं ते. त्यांना म्हणायचंय फक्त."

"जे केलं ते सगळं म्हणालो. हे नाही म्हणणार."

"अहो, खरं बोलायचा हट्ट तुम्हाला आत्ताच सुचावा?" तिचा आवाज चढला. "मी एकटी कमावते, तुमचा व्हिसा माझ्यावर आहे, उद्या तुम्हाला आत टाकलं तर मी शाळेत काय सांगू? इतकी वर्षं खोटं बोललात तेव्हा माझा विचार नाही केलात. आज एकदा माझ्यासाठी बोला!"

  ती मागत होती ते अगदी रास्त होतं, आणि मी ते द्यायला नकार दिला. हेही मी ‘पण’ न लावता लिहून ठेवतो.

सासूबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. "म्हणजे मला नेणार नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि घेतलं असंही म्हणणार नाही?"

"नाही."

"मग हा कशाला ठेवायचा?" त्या म्हणाल्या, बशीतला अनारसा उचलला आणि मोडून तोंडात टाकला. आम्ही दोघं बघत राहिलो. त्यांनी तो नीट चावून खाल्ला, वर पाणी प्यायल्या. "टाकायचं कसं, अन्न आहे. आणि माझी कोण तपासणी करतंय?"

बायकोला आधी रडू आलं आणि मग हसू. मी डबा सिंकमध्ये नेला, कोपऱ्यांत अडकलेले दाणे बोटाने काढले आणि गरम पाण्याने तो घासला. मला वाचवू शकणारी एकच वस्तू होती, ती मी स्वतःच्या हाताने धुऊन पालथी घातली. आता माझ्याकडे पुरावा राहिला नव्हता. आता मी काहीही सांगितलं तरी ती सबबच ठरणार होती.

(हे सगळं लिहू का, असं मी सासूबाईंना अलीकडेच फोनवर विचारलं. "खुशाल लिहा," म्हणाल्या. "मी काही आता तिकडे येत नाही. नाव तेवढं घालू नका, आणि जाळी चांगली पडली होती ते लिहा.")

गुरुवारी वर्गाआधी भाई चहाच्या यंत्रापाशी भेटला. गटात अशा बातम्या लपत नाहीत.

"पुणेकर, बोलून टाक," तो म्हणाला. "इज्जत गेली ती आधीच गेली. आता एका घोटाने काय फरक पडतो?"

"घेतलं नाही, भाई."

"अरे, निकाहाला मी तीनदा कबूल म्हणालो तेव्हा तरी मला कुठे काय समजत होतं? चालला की चाळीस वर्षं संसार! तू एकदा म्हण. कशाला आडमुठेपणा करतोस?"

"खरंच घेतलं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी रडत नव्हतो, शपथा घेत नव्हतो. त्याला काय वाटलं मला माहीत नाही. "बघ बाबा," म्हणाला आणि कप चुरगाळून टोपलीत टाकला.

माझी पाळी आली. मॅडमनी मान हलवून धीर दिला. मी उभा राहिलो. एरवी आम्ही बसूनच बोलायचो. मी इंग्रजीत सुरू केलं आणि मग हिंदीत गेलो, कारण मला जे म्हणायचं होतं ते इंग्रजीत फार गुळगुळीत वाटत होतं.

"मी सिरप प्यालो," मी म्हणालो. "मी चोरलं. मी आईच्या उशाशी हात घातला. मी निर्दोष बाईवर आळ घेतला. मी बायकोला अशा जागी आणून ठेवलं की तिला माझं खरंही खोटं वाटतं. हे सगळं माझं. लेकिन या वेळी मी घेतलेलं नाही."

टकटक सुरू झाली. नियमच होता. सगळ्या बाजूंनी खुर्च्यांच्या हातांवर बोटं पडू लागली. मी खाली बसलो नाही आणि वाक्य मागेही घेतलं नाही. पुन्हा म्हणालो, "लेकिन मी घेतलेलं नाही." टकटक वाढली. कोणीतरी हसलं. पेशावरच्या दुभाष्याने इंग्रजी करणं थांबवलं होतं. ते वाक्य आता सगळ्यांना पाठ झालं होतं. मी तिसऱ्यांदा म्हणालो. मग चौथ्यांदा. हळूहळू एकेक हात थांबत गेला. भाईने आधी सगळ्यांबरोबर टकटक केली होती. आता त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि तो जमिनीकडे बघत होता.

मॅडमनी विचारलं, "मग ते तुमच्या शरीरात आलं कुठून?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"हो."

"तुम्ही सांगत नाही, तर मी काय समजू?"

"असं समजा की हा माणूस काहीतरी लपवतोय. ते खरं आहे. तसं लिहा. मी घेतलं, असं मात्र माझ्या नावापुढे माझ्या तोंडून येणार नाही."

त्यांनी पेन उचललं, थोडा वेळ धरून ठेवलं. "तुम्हाला माहीत आहे याचा अर्थ काय होतो?" त्यांनी पुन्हा विचारलं. मला वाटतं, मी बदलावं म्हणून त्या मला आणखी थोडा वेळ देत होत्या.

"माहीत आहे," मी म्हणालो. "लिहा."

न्यायालयाची तारीख लागेपर्यंत बायकोने माझी छोटी बॅग भरून दारामागे ठेवली होती. ती माझ्याशी बोलत होती, जेवायला वाढत होती, आणि बॅगेकडे बघत नव्हती. सासूबाई ठरल्याप्रमाणे पुण्याला परत गेल्या. विमानतळावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सरळ झालात, पण कुठल्या वेळी!"

न्यायाधीशांनी अहवाल वाचला, एक प्रश्न विचारला, आणि मी तेच उत्तर दिलं. तुरुंग झाला नाही. संपूर्ण कार्यक्रम पहिल्या पाठापासून पुन्हा करायचा आणि तपासण्या वाढवायच्या, असा आदेश निघाला. त्यांच्यापुढच्या कागदांवर जे दिसत होतं त्यावरून हेच योग्य होतं. लोक मला म्हणाले, सुटलास. मला सुटल्यासारखं वाटलं नाही. न घेतलेल्या घोटाची शिक्षा मी भोगणार होतो आणि ती भोगायला मी तयार होतो. पण त्या शिक्षेखाली माझ्या कबुलीची सही नव्हती.

मी पुन्हा पहिल्या पाठाला बसलो. नवे चेहरे, तेच गोल, तीच टकटक. मागच्या खुर्चीवर बसायची सोय होती, मी मॅडमच्या समोरची घेतली. ओळख करून देताना प्रत्येकाने इथे का आलो ते सांगायचं असतं. मी म्हणालो, "पहिल्यांदा आलो तेव्हा मी दोषी होतो. आता आलोय तो दोषी नाही म्हणून." नव्या लोकांना वाटलं, हा अजून बराच कच्चा आहे. भाईसुद्धा या गटात पुन्हा होता. त्याने मधल्या काळात खरोखरच गोळी घेतली होती आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःहून सांगितलं होतं, म्हणून त्याचे थोडे वर्ग वाढले होते. "आपण दोघं नापास," तो म्हणाला. "तू न घेता, मी घेऊन. बाक मात्र एकच."

कार्यक्रमाच्या मध्यावर एक संध्याकाळ घरच्यांसाठी असते. पहिल्या खेपेला बायको आली नव्हती. "शाळेतलं कोणी भेटलं तर?" असं तिने विचारलं होतं आणि मी आग्रह केला नव्हता. या खेपेला मी तिला सांगितलंही नाही. तिने केंद्राचा मेसेज माझ्या फोनवर पाहिला आणि त्या संध्याकाळी शाळेतून परस्पर आली. शाळेची साडी, खांद्याला लावलेलं ओळखपत्र काढायचंही राहिलेलं, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. गोलात माझ्या शेजारी तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

मॅडमनी तिचं स्वागत केलं आणि विचारलं, "तुमच्या मिस्टरांनी मागच्या वेळी स्वीकार करायला नकार दिला. घरी त्याचा काय परिणाम झाला?"

बायकोने घसा साफ केला. मग वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात, इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, ही डिडन्ट टेक इट."

 मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तिच्या पर्सच्या बंदाकडे बघत राहिलो.

"हे तुम्हाला कसं माहीत?" मॅडमनी विचारलं.

"आय नो. अँड आय विल नॉट टेल यू हाऊ."

"बट," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जर..."

भाईने खुर्चीच्या हातावर टकटक केली. मग त्याच्या पलीकडच्याने. मग सगळ्यांनी. मॅडमना क्षणभर कळलंच नाही की हे त्यांच्यासाठी आहे. बायको दचकून माझ्या कानाशी झुकली, "अहो, हे काय करतायत सगळे?"

"नियम आहे," मी म्हणालो. "नंतर सांगतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, वाक्य तिथेच सोडलं आणि पुढच्या खुर्चीकडे वळल्या.